लिंबराजभावजींचा भाजलेला हात

आमच्या शेजारचे लिंबराजभावजी म्हशीला फावड्यानं वैरण घालत. गव्हाणीपासून चार हात लांब उभं राहायचं, कडब्याची कुट्टी फावड्यावर घ्यायची, कमरेतून वळायचं आणि भिरकावायची. आधी गव्हाणीच्या मागच्या कोपऱ्यांत, मग कडेकडेनं, आणि शेवटी मध्ये अगदी पातळ. ढीग झालेला त्यांना चालत नसे. ढीग झाला की आग गुदमरते, असं त्यांचं म्हणणं.

मी एकदा कुंपणावरून म्हटलं, भावजी, ती म्हैस आहे, तिच्या पोटात आग नाही. तर म्हणाले, "वैनी, पोट कुणाचंबी असू द्या. थोडं थोडं आन् सारखं. एकदम कोंबलं की संपलं."

म्हशीचं नाव त्यांनी पॅसेंजर ठेवलं होतं, कारण ती दिसेल तिथं थांबायची. तिला पाण्यावर नेताना ते आधी गल्लीत दोन्हीकडं बघत, तोंडानं दोन लांब शिट्ट्या मारत आणि मगच दावं सोडत. बाया आपापल्या घागरी बाजूला घेत. सवयच झाली होती. आणि खोटं कशाला सांगू, ती म्हैस गल्लीतल्या सगळ्या म्हशींपेक्षा जास्त दूध द्यायची.

भावजींची सगळी नोकरी आमच्याकडच्या छोट्या रेल्वेत गेली. ते फायरमन होते, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे. ती गाडी अरुंद रुळांवरून इतकी सावकाश जायची, की माझी सासू म्हणे एकदा चालत्या गाडीतून उतरली, शेतातली चार वाळकं तोडली आणि मागच्या डब्यात चढली. सासू बरंच काही सांगायची, त्यातलं हे खरं असावं.

नोकरी सुटली तरी माणूस इंजिनातून उतरला नव्हता. जगातली कुठलीही वस्तू, माणूस, समारंभ, ते एकाच मापानं मोजत. पुतण्याच्या लग्नात कळंबचा बँड आणला. सगळे खुश. भावजी म्हणाले, "प्रेशर न्हाय." माझा चहा प्यायले, कप खाली ठेवला, "प्रेशर न्हाय." दूध संस्थेच्या वार्षिक सभेत सगळ्या गावापुढं चेअरमननं तासभर भाषण केलं. दुष्काळ, सहकार, आपली वाटचाल, सगळं झालं. टाळ्यांच्या आधी जी शांतता असते, तिच्यात मागून आवाज आला, "प्रेशर न्हाय." लोक इतके हसले की टाळ्या राहूनच गेल्या. चेअरमननं तेव्हापासून मनात धरलं.

इंजिनाच्या बाबतीत तोंडदेखलं बोलणं तर त्यांना जमतच नसे. आमच्या छोट्या गाडीला पहिल्यांदा डिझेल इंजिन लागलं, तेव्हा स्टेशनवर हार, नारळ, गुलाल, सगळं झालं. जुना माणूस म्हणून भावजींना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते म्हणाले, "हे इंजिन न्हाय, ह्यो पाण्याचा पंप हाय." आणि खाली बसले. दोनच शब्द सांगितले होते, तेवढेच बोलले.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र आम्ही बाया त्यांच्या वाटेला डोळे लावून बसायचो. विहिरीला पाणी नाही, आडाला नाही. खडी फोडून आलं की स्टेशनवर घागर घेऊन उभं राहायचं. गाडी थांबली की भावजी इंजिनाच्या नळातून कोमट, तेलकट पाणी सोडायचे. ते पिता यायचं नाही, पण पोरं धुता यायची. त्याबद्दल मी त्यांना फार थोर म्हणणार नाही. पाणी सरकारचं होतं. आणि रांग मोडली की ते बायांवर असे ओरडायचे, की निम्मं पाणी घाबरून सांडायचं.

त्यांची बायको कौसाबाई त्या इंजिनाला सवत म्हणायची. "आयुष्यभर तिचं पोट भरलं, माझ्या चुलीत कधी काडी सारली न्हाय," असं ती भांडी घासताना भिंतीला सांगायची. भिंतीपलीकडं मी असायची.

तर झालं असं, की एका हिवाळ्यात कॅमेरा गळ्यात घातलेला एक गोरा माणूस आमची छोटी गाडी बघायला आला. डिझेल बघून त्याचं तोंड उतरलं. ते बघून भावजींना तो लगेच आपला वाटला. स्टेशनमास्तरला मध्ये घालून दोघांचं बोलणं झालं. गोऱ्यानं सांगितलं, की राजस्थानात वाळवंटातल्या एका आडगावी कुण्या जुन्या राजाची अशीच छोटी रेल्वे जपून ठेवली आहे. कोळशाचं इंजिन आहे, आणि बघायला येणाऱ्यांना त्यात बसवून फिरवतात. त्यानं गावाचं नाव कागदावर लिहून दिलं.

तेव्हापासून भावजींना एकच ध्यास. एकदा, फक्त एकदा, पेटलेल्या इंजिनावर उभं राहून कोळसा टाकायचा. मरायच्या आत. हे ते कुणालाही सांगत. पोस्टमनलासुद्धा सांगितलं.

पण राजस्थान काय येडशी आहे, की चपला घातल्या आणि निघालं. योगायोगानं त्याच सुमारास दूध संघानं ठरवलं, की दुष्काळी भागातल्या सभासदांना राजस्थानात नेऊन तिथली माणसं वाळूत गाई कशी सांभाळतात ते दाखवायचं. अभ्यास दौरा. जायला मिळणार फक्त दूध घालणाऱ्या सभासदांना. ही बातमी ऐकली आणि भावजी बाजाराला गेले. परतले ते म्हशीचं दावं हातात धरून. पॅसेंजर आमच्या गल्लीत आली ती अशी. लोक दुधासाठी म्हैस घेतात, ह्यांनी इंजिनासाठी घेतली.

दूध मीही घालायची, म्हणून माझंही नाव यादीत होतं. कौसाबाई मला म्हणाली, "घेऊन जा बाई एकदाचं, आन् त्या रांडंला भेटवून आणा. माझं घर तरी रिकामं व्हईल." धार काढायला ती मागं राहिली.

बसमध्ये आम्ही तिघी बाया आणि बाकी पुरुष. गाई बघितल्या, गोठे बघितले. वाळूत पाणी कसं साठवतात ते एका माणसानं सांगितलं, ते मला कळलं नाही, पण गाई चांगल्या होत्या. मग शेवटचा दिवस उरला. त्या दिवशी जयपूर बघायचं ठरलेलं. बायांना बांगड्या घ्यायच्या होत्या, चेअरमनला राजवाड्यासमोर फोटो काढायचा होता. भावजींनी तो कागद बाहेर काढला. एकेकाच्या सीटपाशी जाऊन त्यांनी असं काही आर्जव केलं, की मलाच कसंतरी झालं. हा माणूस कुणापुढं वाकलेला मी बघितला नव्हता. एक बाई विरघळली, मग दुसरी, मग पुरुषही म्हणाले, जाऊ द्या, म्हाताऱ्याचं मन मोडायला नको.

चेअरमननं मात्र अट घातली. सगळ्यांदेखत म्हणाला, "लिंबराज, तुमच्या शब्दावर आमी जयपूर सोडतोय. ते इंजिन जर बंद निघालं, तर ह्यापुढं गावात प्रेशरचं नाव काढायचं न्हाय. कबूल?"

भावजी म्हणाले, "कबूल."

रात्रभर प्रवास करून दिवस उगवायला त्या गावी पोचलो. काय गाव. चार घरं, एक बाभूळ, बाकी वाळू. आणि थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ येत होती. बसमधून उतरताना प्रत्येक जण जयपूरचं नाव घेऊन खोकत होता. भावजी तेवढे नळाखाली बसून गार पाण्यानं अंघोळ करून आले. पिशवीतून नोकरीतला निळा शर्ट काढला. तो आता अंगाला ढगळ झाला होता. गळ्यात रुमाल बांधला. नवरदेव पण इतका वेळ लावत नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन उभं होतं. हिरवंगार रंगवलेलं, पितळ असं घासलेलं की तोंड बघून घ्यावं. धुरांड्यातून थोडा धूर निघत होता. मागं लाकडी बाकांचे दोन डबे, आणि त्यांच्याही मागं एक बंद डबा. इंजिनापाशी पांढऱ्या मिशांचा, पागोटं घातलेला एक म्हातारा तेलाची झारी घेऊन उभा होता. हुकमाराम त्याचं नाव. तो त्या गाडीचा ड्रायव्हर. भावजींचा शर्ट बघितला आणि त्यानं दुरूनच हात जोडले.

आमची बाकीची माणसं बाहेर चहावर तुटून पडली होती. मी भावजींच्या मागं होते, कारण मला वारा चुकवायचा होता. भावजी इंजिनाच्या पोटाजवळ गेले आणि त्यांनी त्याला पालथा हात लावला. रेल्वेची माणसं तळहात लावत नाहीत. तळहात भाजला तर काम थांबतं, म्हणून पालथ्या हातानं बघतात.

हात तिथंच राहिला.

हुकमारामची झारीही तिथंच राहिली. तो भावजींच्या हाताकडं बघत होता. तोंडावर असा भाव, की पाहुण्यानं रिकाम्या डब्याचं झाकण उघडावं आणि घरच्यानं ते बघावं. 

तेवढ्यात चेअरमन हात चोळत आत आला, मागं सगळी मंडळी. "काय थंडी हाय. तापलंय ना इंजिन? सरका जरा, हात शेकून घेऊ द्या."

भावजींनी एकदम हात मागं ओढला. असा, की मीच दचकले. बोटांची मागची बाजू तोंडाशी धरून ते फुंकर मारायला लागले. डोळे मिटलेले, दात आवळलेले.

"लांब व्हा," ते म्हणाले. "जवळ येऊ नका कुणी. भाजून निघाल."

चेअरमन दोन पावलं मागं गेला आणि त्यानं हात पसरून सगळ्यांना अडवलं. "मागं व्हा, मागं व्हा. बाया, पदर सांभाळा." आम्ही सगळे चार हात लांब, कुडकुडत, गोल करून उभे राहिलो. एकानं तर म्हटलंसुद्धा, की इतक्या लांबून पण धग लागते.

मग सगळे डब्यात बसायला निघाले. मी मुद्दाम इंजिनाच्या कडेनं गेले आणि जाता जाता तळहात टेकवला. पाणी भरलेला रांजण असतो ना पहाटेचा, तसं गार. धूर येत होता तो धुरांड्याखाली पेटवलेल्या ओल्या गोणपाटाचा. तो वास मला चांगला ठाऊक आहे, गोठ्यात डासांना आम्ही तोच करतो.

मी मनात म्हटलं, वा भावजी. पैज हरू नये म्हणून इतकं सोंग. मला त्यांचा राग आला. जयपूरच्या बांगड्यांचा नाही, मला बांगड्या भरायच्या नव्हत्या. जन्मभर सगळ्यांच्या तोंडावर खरं बोलणारा माणूस स्वतःवर आली तेव्हा फिरला, ह्याचा राग आला.

गाडी निघाली. मागच्या बंद डब्यातून टुकटुक, टुकटुक आवाज यायला लागला. पुतण्याकडं ट्रॅक्टर आहे, त्यामुळं मला कुणी सांगायची गरज नव्हती. तो डबा मागून ढकलत होता आणि हिरवं इंजिन पुढं पुढं सरकत होतं. हुकमारामनं भावजींना हाताला धरून वर घेतलं होतं. त्यानं फावडं त्यांच्या हातात दिलं. मी पहिल्या डब्यात पुढच्या बाकावर होते, मला सगळं दिसत होतं. इंजिनावर मूठभर कोळसा दाखवायला ठेवलेला, त्यावर वाळू साचलेली. भावजींनी त्याला हातही लावला नाही. ते रिकामं फावडं भरल्यासारखं उचलत होते, वळत होते, आणि भट्टीत टाकत होते. कोपऱ्यांत, कडेकडेनं, मग मध्ये पातळ. मध्येच कपाळाचा घाम पुसत होते. त्या थंडीत.

हुकमाराम दांडा ओढत होता. त्या दांड्यानं काही होत नव्हतं. भावजींनी मान हलवली की तो दांडा थोडा मागं घ्यायचा. त्यानं खुणावलं की भावजी दोन फावडी टाकायचे. वळणावर तर दोघंही बाहेर वाकून पुढचा रस्ता बघत होते. समोर एक उंट होता, त्याला बघून हुकमारामनं पितळी घंटा वाजवली. तेवढी खरी होती. चेअरमन खिडकीतून टाळ्या वाजवत होता.

फेरी संपली. सगळे बसमध्ये जाऊन बसले, भावजींचा पत्ता नाही. मला बोलवायला पाठवलं. मी शेडमध्ये गेले तर दोघं म्हातारे इंजिनाच्या कडेला पाय सोडून बसलेले. एकच बिडी, आळीपाळीनं ओढत होते. भावजी आमच्या मराठीत बोलत होते, हुकमाराम त्याच्या बोलीत. एकमेकांचं कितपत कळत होतं देव जाणे. पण एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसरा थांबत होता. भावजींचं बोलणं कुणी असं शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी तरी कुठं घ्यायची.

मला बघून हुकमाराम उठून झारी घेऊन पलीकडं गेला. मी तोंड सोडलं. "भावजी, इंजिन गार होतं."

"व्हय," ते म्हणाले.

"मग पैजेपायी खोटं कशाला बोललात?"

त्यांनी बिडी विझवली. थोटूक नीट खिशात ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वैनी, बॉयलर फुटून लई वर्सं झाली म्हणं. दुरुस्त कुणी करंना. तरी ह्यो माणूस रोज पहाटं येतो, गार इंजिनाला तेल घालतो, पितळ घासतो. त्याच्या तोंडावर म्या सगळ्यांदेखत म्हणू, की तुझं इंजिन मेलंय?"

पलीकडं हुकमाराम चाकाला तेल घालत होता.

भावजी खाली उतरले. जाताना त्याला म्हणाले, "फिर आता हम. ठंडी में." तो खूप खुश झाला. ते परत येणार नाहीत हे त्यालाही कळलं असेल. त्याला लोक असंच म्हणून जात असतील.

बसमध्ये चढलो तर चेअरमन उठून उभा. त्याचा राग पार गेला होता. मोठ्या मनानं म्हणाला, "लिंबराज, मानलं तुमाला. गावाकडं गेल्यावर माझ्या भाषणाला खुशाल म्हणा काय म्हणायचं ते." भावजी खिडकीबाहेर बघत राहिले. नंतरही त्यांनी कुठल्याही सभेत ते म्हटलं नाही. लग्नात नाही, चहाला नाही, कशालाच नाही. आपण पैज हरलो हे त्यांना माहीत होतं. चेअरमनला मात्र वाटलं, आपलं भाषण सुधारलं. मग तो आणखीच लांब बोलायला लागला आणि त्याची शिक्षा सगळ्या गावानं भोगली.

पण त्या दिवशी चेअरमनला भाजलेल्या हाताची काळजी लागली. "तसाच ठेवला तर फोड येईल," म्हणाला. "प्रयागबाई, तुमच्याकडं खोबरेल आसंल ना? लावा बरं. आन् बांधा काहीतरी."

सगळी बस माना वळवून बघत होती. भावजींनी माझ्याकडं बघितलं आणि हात पुढं केला. पालथा. सालसुद्धा निघालेली नव्हती. मी बाटली काढली, त्या धडधाकट हाताला तेल चोळलं, जुन्या लुगड्याचा तुकडा होता तो फाडला आणि बोटांपासून मनगटापर्यंत पट्टी बांधली. "आई गं" म्हणा जरा, असं मी हळूच सांगितलं. त्यांना ते काही नीट जमलं नाही.

पट्टी तशीच ठेवून ते गावापर्यंत आले. वाटेत जेवताना चेअरमननं त्यांना भाकरी कुस्करून दिली.

कौसाबाई दारातच होती. पट्टी बघून तिचं तोंड पांढरं पडलं. सगळे शब्द गिळून तिनं त्यांना ओट्यावर बसवलं, कोमट पाणी आणलं आणि पट्टी सोडायला लागली. मी तिथंच उभी होते, तिला खूण करावी की नाही ते मला ठरवता येईना. शेवटचा वेढा निघाला. तिनं हात पालथा करून बघितला, उताणा करून बघितला, बोटं एकेक उघडून बघितली. मग नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघत होती. ते अंगणातल्या म्हशीकडं बघत होते.

कौसाबाईनं तोच तुकडा झटकला आणि होती तशी पट्टी परत बांधायला घेतली, माझ्यापेक्षा चांगली, सावकाश. गाठ मारताना म्हणाली, "दोन दिस भिजवू नका."